कामिनीची आई

नागपूरच्या उमरेड रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोक सतरंज्यांवर बसले होते, सतरंज्या भरल्या म्हणून भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि जे आत मावले नाहीत ते बाहेर लावलेल्या मोठ्या पडद्यावर आतलं बघत होते. शिवाय घरोघरी मोबाईलवर बघणारे वेगळेच. स्टेजवर मखमली सोफ्यात नेत्रानंद बाबा कानांवर जटा सोडून, डोळे मिटून बसले होते. डोळे मिटले की सगळं दिसतं, अशी त्यांची ख्याती. उघड्या डोळ्यांनी त्यांना काय दिसायचं, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

"तांडापेठ," बाबा माईकमध्ये हळूच म्हणाले. "विणकराचं घर. कुसुमावती नाव आहे. उठ माय."

कुसुमावती उठली ती शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा, सिंधूताईंचा हात धरूनच. पलीकडे तिचे यजमान बाबनराव उजव्या पायाला पट्टी बांधून बसले होते.

"मालकाच्या पायाले जखम आहे. भरून नाही राहिली."

सभागृहात 'अहाहा' झालं. पट्टी शेवटच्या रांगेतूनही दिसत होती, त्यामुळे सिंधूताईंना याचं काही कौतुक वाटलं नाही. त्यांनी नुसताच घसा खाकरला.

"घरात माग होता," बाबांनी पुढचं सुरू केलं. "खड्ड्याचा माग. माग गेला, खड्डा बुजवला, वरतून फरशी टाकली. पण बुजवाच्या आधी त्या खड्ड्यात काय ठेवलं होतं, माय? मी सांगू का तू सांगते? धोटा. सासऱ्याच्या हातचा धोटा. बुढा खाली पाय सोडून बसला आहे त्या खड्ड्यात, अन् पोराचा पाय मागून राहिला."

कुसुमावती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊ लागली. बाबनरावांनी हात जोडले. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या कडेला बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात पावड्या चालवत असतात. बाबनरावांचे वडील जन्मभर तसेच बसले होते. माग विकला त्या दिवशी बाबनरावांनी वडिलांचा धोटा, उभ्या सुतातून आडवं सूत नेणारं ते लाकडी हत्यार, त्या खड्ड्यातच ठेवून माती लोटली होती. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती, निदान कुसुमावतीला तरी तसंच वाटत होतं.

"तुमच्या मोबाईलले टावर लागते," बाबा गर्दीकडे वळून म्हणाले. "माह्या डोळ्याले टावर लागत नाही. धोटा काढा, दुधानं धुवा, उशाले ठेवा. जखमेले अंगारा लावा. अन् त्या सुया आजपासून बंद. लोखंड रक्तात गेलं का देवाची कृपा गंजते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सिंधू मेश्राम यांनी म्युन्सिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या कोनाड्यातले देव जाऊन तिथे पुस्तकं आली होती, आणि सिंधूताई त्याच कोनाड्याखाली वाढल्या. रक्तात गंजणारी कृपा त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. मैत्रिणीच्या आग्रहाखातर त्या आल्या होत्या, गंमत बघू म्हणून. आता त्यांना गंमत वाटेना. इन्सुलिन थांबलं तर साखर चढेल, जखम सडेल आणि पाय कापावा लागेल, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बाबनरावांना बजावलं होतं. आणि धोट्याचं या माणसाला कसं कळलं, हे काही केल्या त्यांच्या ध्यानात येईना.

दुसऱ्या दिवशी फरशी फोडली. धोटा सापडला. ज्यांनी पुरला त्यांनाच तो सापडला, यात चमत्कार कुठला, पण अख्खी गल्ली बघायला लोटली. कुसुमावतीने धोट्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि चहाचं आधण ठेवेपर्यंत त्यावर हात जोडलेल्यांची रांग लागली.

हे फेसबुक तिला मुलीने शिकवलं होतं. ऋतुजा लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा आईचा वेळ जावा म्हणून मोबाईल देऊन गेली. त्याचा उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? उमरेडच्या शाळेतली हरवलेली मैत्रीण तिला याच्यावरच सापडली. बाबनरावांना रक्त लागलं तेव्हा विणकर समाजाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या आणि कधी न पाहिलेली दोन पोरं धावत आली. बाकी मग रोज सकाळी गुलाबाची फुलं, अकरा जणांना पाठवा नाहीतर अनर्थ होईल अशा धमक्या, साड्यांच्या सेलमध्ये विनाकारण टॅग करणाऱ्या बायका, आणि मैत्री करू इच्छिणारे परदेशातले गणवेशातले अधिकारी. कुसुमावती सगळ्यांना नमस्कार करायची. स्वतःही सगळं लिहायची. आज वांग्याची भाजी केली. नळ आला नाही. यांची साखर वाढली, डॉक्टर रागावले. लिहून झालं की फोन मांडीवर ठेवून वाट बघत बसायची. फारसं कोणी काही म्हणायचं नाही.

सिंधूताई धोटा बघायला गेल्या तेव्हा तो उशाशी होता आणि इन्सुलिनचा डबा कपाटावर चढला होता.

"कुसुम, दरबारात नंबर कसा लावला होता वं तू?"

"कसा म्हणजे? त्यायच्या पेजवर लिहिलं न. नाव, गाव अन् अडचण. मंग फोन येते त्यायचा, अमुक दिवशी या म्हणून."

"लगेच आला फोन?"

"नाही, आठ-दहा दिवस लागले. गर्दी किती राहते तिथं."

सिंधूताईंनी फोन मागून घेतला आणि कुसुमावतीचं पान खाली खाली सारू लागल्या. भाज्या गेल्या, नळ गेला, दिवाळ्या गेल्या. बऱ्याच खाली एक फोटो होता. जमिनीत एक चौकोनी खड्डा, काठावर उकिडवे बसलेले बाबनराव, आणि वर लिहिलेलं, 'आज आमचा माग गेला. यांनी मामंजींचा धोटा खड्ड्यातच ठेवला. डोळ्यांत पाणी आलं.' कोणालाही वाचता यावं अशीच ती पोस्ट ठेवलेली होती.

"हे घे तुह्या बाबाची दिव्यदृष्टी," सिंधूताई म्हणाल्या. "तू नाव दिलं पेजवर. नावावर बोट ठेवलं का तुह्यं सारं घर उघडते. आठ-दहा दिवस त्याचे पोट्टे बसून वाचते, अन् दरबाराच्या दिवशी त्याच्या कानातल्या यंत्रात सांगते. त्या जटा कानावर कायले सोडल्या आहे, विचार केला काय कधी?"

कुसुमावतीने फोटो पाहिला. तो आपण टाकल्याचं ती साफ विसरली होती. क्षणभर तिचा चेहरा उतरला आणि सिंधूताईंना वाटलं, सुटलं कोडं. आता डबा खाली येईल.

"मंग काय झालं?" कुसुमावती म्हणाली. "माह्या पोरीनं वाचली नाही ते पोस्ट. सख्ख्या जावेनं नाही वाचली. अन् बाबा वाचीन? एवढ्या लोकायचा धनी, त्याले काय माह्या पोस्टा वाचाचं काम आहे?"

"त्याचं तेच तर काम आहे वं."

"राहू द्या बाई," खाटेवरून बाबनराव म्हणाले. "मी तसाही त्या सुईनं कंटाळलो. थोडे दिवस पाहून राहिलो, पाहू द्या."

पालथ्या घड्यावर पाणी. पण सिंधूताई हट्टी बाई होत्या. वर्गात मुलांना पटलं नाही तर त्या वाद घालत नसत, प्रयोग करून दाखवत. त्यांनी तोच मार्ग धरला.

"कुसुम, मी जर त्याच्या तोंडून धडधडीत खोटं वदवलं, तर सुई सुरू करशीन काय?"

"कसं खोटं?"

"माह्यं लग्न झालं नाही हे तुले माहीत आहे. मले लेकरू नाही. मी फेसबुकवर एक मेलेली पोरगी तयार करतो. त्याले ते दिसली, तर समज."

कुसुमावतीने उशाशी ठेवलेला धोटा पदराने पुसला. "दिसली तर करीन सुरू," ती म्हणाली. "पण नाही दिसणार. बाबाले खरं तेच दिसते."

सिंधूताई कामाला लागल्या. नवं खातं उघडलं. पोस्टवर मागची तारीख टाकता येते हे त्यांनी शोधून काढलं आणि तिथे त्यांना नेत्रानंदांपेक्षा फेसबुकचंच जास्त नवल वाटलं. गांधीबागेच्या बाजारातून एक पिवळा फ्रॉक आणला, निळ्या पट्टीचा. तो सोड्यात उकळला, दगडावर आपटला, उन्हात टाकला, आणि जुना दिसू लागल्यावर खिळ्याला टांगून फोटो काढला. 'माझ्या कामिनीचा शेवटचा फ्रॉक. तापात पाणी पाणी करत गेली.' ही तारीख बरीच मागची. मग दर वर्षी त्याच दिवशी एकेक आठवण. अनोळखी लोकांना मैत्रीची विनंती पाठवली, त्यांनी डोळे झाकून स्वीकारली. लेकराच्या मरणाचं खोटं लिहिताना त्यांना बरं वाटत नव्हतं. पण समोरच्या गल्लीत एका माणसाचा पाय काळा पडत होता. मग बाबांच्या पेजवर नाव, गाव, अडचण लिहिली आणि फोनची वाट बघत बसल्या.

फोन यायला वेळ लागला. तोवर बाबनरावांचा अंगठा शाईसारखा झाला होता. सिंधूताईंनी पुण्याला फोन केला तर ऋतुजा म्हणाली, "मावशी, आई तर म्हणते आराम आहे. फोटो पाहते न मी रोज." कुसुमावती फोटो काढत होती ते धोट्याचे आणि उदबत्तीचे. पायाचा तिने एकही टाकला नव्हता.

दरबाराच्या दिवशी बाबांनी डोळे मिटले आणि कान जटांखाली झाकून थोडा वेळ नुसतेच डोलले.

"पाचपावली. सिंधू नावाची बाई आली आहे. शिक्षिका. उठ माय. तुह्यामागं एक लेकरू उभं आहे."

सिंधूताई उठल्या. कुसुमावती त्यांच्या शेजारी ताठ बसली.

"कामिनी," बाबांचा आवाज दाटला. "पिवळा फ्रॉक आहे, निळ्या पट्टीचा. तापानं फणफणून राहिली. म्हणून राहिली, आई, मले पाणी दे. माय, तू पाणी द्यायले उशीर केला होता न?"

सभागृहात बायका डोळे पुसू लागल्या. कोणीतरी सिंधूताईंच्या हातात माईक दिला. त्या माईकची त्यांना गरज नव्हती, चाळीस मुलांच्या वर्गाचा आवाज होता तो, पण त्यांनी तो घेतला.

"माझं नाव सिंधू मेश्राम. माझं लग्न झालेलं नाही. मला मुलगी नाही, कधीच नव्हती. कामिनी मी रचली, फेसबुकवर. तो फ्रॉक गांधीबागेतला आहे, मी स्वतः आणला. ज्यांनी तुमची नावं पेजवर लिहून घेतली तेच तुमची पानं वाचतात आणि यांना सांगतात. यांना दुसरं काही दिसत नाही. यांच्या सांगण्यावरून कोणी औषध बंद केलं असेल तर घरी जाऊन आधी ते सुरू करा."

बायकांनी डोळे पुसायचं थांबवून एकमेकींकडे पाहिलं. सिंधूताईंना वाटलं, झालं.

बाबांनी डोळे उघडले आणि ते गोड हसले.

"आईले राग आहे लेकराचा, सोडून गेलं म्हणून. माय, या जन्मी तुले लेकरू नाही, मी कुठं म्हटलं या जन्मीची? मागच्या जन्मीचं आठवत नसते माणसाले. पण हाताले आठवते. दुकानात रंगारंगाचे फ्रॉक टांगले असन. तुह्या हातानं पिवळाच काहून उचलला? कामिनीच नाव काहून सुचलं? कोणी सुचवलं?"

पहिली टाळी कुठून वाजली कळलं नाही. मग सगळंच सभागृह उठलं. माईक हातातून गेला. एका बाईने सिंधूताईंना मिठी मारली आणि ती त्यांच्या खांद्यावर रडू लागली.

परतताना ऑटोत कुसुमावती बाहेर बघत होती.

"तू शब्द दिला होता, कुसुम."

"दिला होता. पण पिवळाच काहून उचलला, ते तर सांग न."

"स्वस्त होता म्हणून."

"बाकीचे महाग होते काय?"

खोटं पकडलं की ते मरतं, असं त्या आयुष्यभर मुलांना शिकवत आल्या होत्या. इथे पकडलेलं खोटं चांगलं बाळसं धरून उभं राहिलं होतं. घरी पोहोचल्यावर कुसुमावती पुढे म्हणाली, "तू देवाची परीक्षा घेतली, सिंधूताई. आता यायच्या पायाले गुण नाही आला तर मी कोणाले विचारू?" आणि तिने दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी बाबांच्या पेजवर व्हिडिओ चढला. सिंधूताई उठतात, बाबा कामिनीचं वर्णन करतात, बायका रडतात, सिंधूताई माईक हातात घेतात, आणि तिथेच तो संपतो. पुढचं कापलेलं. नागपूरभर तो फिरला. गल्लीतला भाजीवाला भाव न करता कोथिंबीर देऊ लागला. सीताबर्डीत एका पोरीने त्यांच्यासोबत सेल्फी काढला. सिंधूताईंनी खातं उघडून खरं लिहिलं, तर खाली लोकांनी मेणबत्त्या आणि फुलं टाकली. पोलीस ठाण्यात गेल्या तर तिथल्या साहेबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाले, "बाई, यात ते तुमचं सांत्वन करून राहिले. गुन्हा कुठं आहे? अन् ज्याचा पाय आहे तो माणूस तक्रार देईन काय?" तो माणूस देणार नव्हता.

बाबनराव तापात बरळू लागले तेव्हा कुसुमावतीने दार उघडलं. सिंधूताईंनी त्यांना ऑटोत घालून मेडिकलला, सरकारी इस्पितळात नेलं. विष वर चढलं होतं, डॉक्टरांनी पाय गुडघ्याखालून कापला. जीव वाचला तो त्या डॉक्टरांमुळे आणि त्याच सुयांमुळे. तीच औषधं वेळेवर घेतली असती तर पायही राहिला असता. शुद्धीवर आल्यावर बाबनरावांनी चादर उचलून पाहिलं, पुन्हा टाकली, आणि भिंतीकडे तोंड केलं. कुसुमावतीने वॉर्डातूनच पोस्ट टाकली, 'बाबांच्या कृपेने यांच्या जिवावरचं पायावर निभावलं.' त्या एका पोस्टवर तिच्या सगळ्या आयुष्यात मिळाले नाहीत एवढे लोक आले. ऋतुजासुद्धा.

सिंधूताईंना संताप आला आणि मग तोही ओसरला. कोणावर करायचा? कुसुमावती बाकावर बसून एकेकाला उत्तर लिहीत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर थोडं तेज आलं होतं.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिच्याही पायाला तशीच पट्टी. तिचा मुलगा श्रीधर बराच वेळ सिंधूताईंकडे बघत होता. शेवटी उठून आला आणि पाया पडला.

"तुम्ही कामिनीच्या आई न?"

सिंधूताईंनी पाय मागे घेतले.

"तुमचा व्हिडिओ पाहूनच आईले हिम्मत आली. बाबाकडे नंबर लागला आमचा. उद्या सुट्टी मागून घेऊन चाललो तिले. डॉक्टर म्हणते सुई सोडू नका, पण आई म्हणते आता सुई नको."

सिंधूताईंनी त्याला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं, सावकाश, ढ मुलाला शिकवावं तसं. पेजवर नाव कसं लिहून घेतात, पान कसं वाचतात, मधले आठ-दहा दिवस कशाला लागतात. कामिनी कशी रचली, व्हिडिओ कुठे कापला. पलीकडे झोपलेल्या बाबनरावांची सपाट चादर दाखवली.

"तुम्ही देव माना की नका मानू, तो तुमचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "पण ज्याला डोळे मिटून दिसतं त्याला एकदा नाव न देता, नंबर न लावता, फेसबुकवर एक अक्षर न लिहिता भेटा. माझ्या खिशात आत्ता काय आहे, एवढंच सांग म्हणा. त्याला सांगता आलं नाही तर तुमच्या आईच्या रक्तातलं काय सांगणार आहे तो? रक्तात काय आहे ते रक्त तपासूनच कळतं, दादा. दुसरी दृष्टी कोणालाच नाही. मला नाही, तुम्हाला नाही, त्याला नाही. औषध सोडू नका."

श्रीधरने सगळं नीट ऐकून घेतलं. सिंधूताई थांबल्यावर त्याने मान हलवली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"समजलं बाई," तो हळूच म्हणाला. "लेकरू गेलं का माणसाचं मन असंच होते. मानतच नाही का ते होतं म्हणून."

सिंधूताई त्याला सोडून म्हातारीकडे वळल्या. तिचा सुकलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"आजी, सुई सोडू नका. माझं एवढं ऐका. पाय जाईल तुमचा."

म्हातारीने दुसरा हात काढला आणि सिंधूताईंच्या गालावरून फिरवला.

"उद्या मी जाऊनच राहिली न बाबाकडे," ती म्हणाली. "सांगतो त्याले, तुह्या कामिनीले पाणी दे म्हणून."